नावाचा पुकारा

त्या हिरोच्या थोबाडीत एक सणसणीत ठेवून द्यायची, ही रंगनाथ पहिलवानाची मनापासूनची इच्छा होती. त्यानं ती कधी लपवलीही नाही. म्हशीची धार काढताना बोलायचा, दुधाचे कॅन मोटरसायकलला अडकवताना बोलायचा, टपरीवर कुणी विचारलेलं नसताना बोलायचा. "एकदा गाठ पडू दे फक्त. मुस्काट फोडून हातात देतो का नाय बघा!"

हिरो म्हणजे सिनेमातला, आणखी कुठला! एका सिनेमात तो पहिलवान झाला होता. रंगनाथनं तो सिनेमा अर्ध्यात सोडला. का, तर लेकाला लांग बांधता येत नाही, आणि शड्डू ठोकतो तर आवाज मांडीतून न येता स्पीकरच्या पेटीतून येतो. पण खरा राग सिनेमाचा नव्हता. हा हिरो दर वर्षी मे महिन्यातल्या एका रविवारी संध्याकाळी टीव्हीवर एक मोठा कार्यक्रम करायचा. लहान मुलांच्या हृदयाच्या ऑपरेशनांसाठी पैसे गोळा करायचे. नाच, गाणी, झगमग झगमग दिवे, खाली फोन नंबर. बाजूला सिनेमातल्या बाया फोन घेऊन बसलेल्या. आणि मधेच हिरो एखादं आजारी लेकरू मांडीवर घ्यायचा आणि रडायचा.

"ग्लिसरीन!" रंगनाथ खाटेवरून ओरडायचा. "अरे, रडताना माणसाचं नाक गळतं. ह्याचं नाक बघा. कोरडं ठणठणीत!"

एवढं ओरडून चॅनेल बदलायचा का? छे! त्याची बायको मोहिनी रिमोटला हात लावायला गेली की हा गुरगुरायचा. संपेपर्यंत बघायचा, आणि संपलं की गोठ्यात जाऊन उगाच म्हशींवर डाफरायचा.

आता हा रंगनाथ कोण, ते सांगायला हवं. नाशिकला इंदिरानगरच्या सोसायट्या जिथं संपतात, तिथं मागं जुनं गावठाण आहे. म्हसोबाचं देऊळ, लाल मातीची तालीम, तालमीच्या भिंतीला लागून रंगनाथचा गोठा. सकाळ-संध्याकाळ सोसायट्यांत जिना चढून दूध घालायचं, हा धंदा. तरुणपणी नाशिक जिल्ह्यातल्या यात्रांमध्ये त्याच्या कुस्त्या गाजलेल्या. दोन्ही कान मोडून गोळा झालेले, मान कुठं संपते आणि खांदा कुठं सुरू होतो ते कळायचं नाही. आणि डोकं? डोकं कायम तापलेलं. एका रिक्षावाल्यानं म्हशीला धक्का दिला, तर ह्यानं रिक्षा हातांनी उचलून आडवी केली, रिक्षावाला आतच! एका गिऱ्हाइकानं दुधात पाणी आहे म्हटलं, तर अख्खा कॅन त्याच्या डोक्यावर ओतला. वर म्हणतो, "बघ आता, अंगाला चिकटतंय का नाय!"

अशा माणसाला उशिरा मुलगी झाली. सायली. तिच्यापुढं मात्र हा हत्ती गुडघे टेकायचा. तिनं मिशी ओढायची, ह्यानं हसायचं. तिनं पाठीवर बसायचं, ह्यानं तिला घेऊन जोर काढायचे.

पोरीला एक सवय होती. खेळता खेळता, चार पावलं पळाली की मधेच उकिडवी बसायची. धापा टाकायची, जरा वेळानं उठायची, पुन्हा पळायची, पुन्हा बसायची. दुसऱ्या कुठल्या घरात कुणी घाबरलं असतं. रंगनाथची छाती फुगली. "बैठका मारती बघा पोरगी माझी! कुणी शिकवलं नाय, रक्तातच हाय!" सगळ्या गल्लीला बोलावून दाखवायचा. पहिलवानालाच सुचावं असं हे खूळ.

मोहिनी म्हणायची, "अहो, तिला धाप लागते. नखं बघा कशी निळसर दिसतात. एकदा मोठ्या दवाखान्यात दाखवू."

"थंडीची दिसत्यात. आन धाप म्हंजे दम कमी. पहिलवानाच्या पोरीला दवाखाना कशाला? दम वाढवू की आपण." मग सुरू झाले बदाम, तूप, निरसं दूध. आणि नववं लागल्यावर तिला पहाटे तालमीत न्यायला लागला. रावजी कुरकुरला. रावजी म्हणजे तालमीचा आणि यात्रा कमिटीचा कारभारी, गावात त्याचा शब्द चालायचा. म्हणाला, मातीत पोरीबाळी आणत नाहीत. रंगनाथनं त्याच्याकडं नुसतं बघितलं. तेवढ्यावर रावजी गप्प झाला.

मार्गशीर्षातली थंडी होती. सायली कुस्तीच्या मातीच्या हौद्याभोवती पळत होती, बाप टाळ्या वाजवत होता. "अजून एक! अजून एक मार, माझी वाघीण!" ती उकिडवी बसली. रंगनाथ हसला. मग ती तशीच पुढं कलंडली, तोंड मातीत. उचलली तेव्हा ओठ जांभळे, तोंडात लाल माती.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, जन्मापासून हृदयाला भोक होतं. कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? रंगनाथनं डॉक्टरची गचांडी धरून त्यांना भिंतीवर आपटलं. सोडवायला आलेल्या वॉर्डबॉयचा हात पिरगाळला. मग त्याला काय कळलं कोण जाणे, त्यानं डॉक्टरला सोडलं आणि स्वतःचं डोकं त्याच भिंतीवर आपटायला लागला. कपाळ फुटून रक्त डोळ्यांत उतरलं तरी थांबेना. पोलिसांनी येऊन धरला तेव्हा थांबला.

त्या दिवसापासून त्याच्या तोंडून पोरीचं नाव आलं नाही. एकदाही नाही.

मग मे आला आणि तो कार्यक्रम. हिरोनं एक लेकरू मांडीवर घेतलं, रडला, आणि कॅमेऱ्याकडं बघून म्हणाला, "तुमच्या मुलाची नखं निळी पडत असतील, धाप लागत असेल, खेळताना ते मधेच उकिडवं बसत असेल, तर थांबू नका. डॉक्टरांना दाखवा." रंगनाथच्या हातात चहाचा कप होता. तो कप सरळ समोरच्या भिंतीवर जाऊन फुटला.

"आत्ता सांगतो व्हय रे? आत्ता?" असा ओरडला की गोठ्यात म्हशी बिचकल्या. "इतकी वर्सं कुठं होतास, भाडखाव!"

अहो, तो हिरो दर वर्षी तेच सांगत होता. हाच दर वर्षी त्याच्या नाकाकडं बघत बसला होता. आणि हे रंगनाथला चांगलं कळत होतं, म्हणून तर राग जास्त. त्या माणसाला बडवावंसंही वाटायचं आणि त्याचे पाय धरावेसेही वाटायचे. दोन्ही एकाच वेळी वाटायला लागलं की पहिलवानाला काही सुधरायचं नाही.

दूध घालताना त्याला नवीनच नाद लागला. पातेलं घेऊन एखादं पोर दारात आलं की हा आधी त्याची बोटं बघायचा. एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर एका बारक्याची नखं निळी दिसली. रंगनाथनं त्याचं मनगट असं काही धरलं की पोर किंचाळलं. आई धावत आली, तिनं आरडाओरडा केला, वॉचमन काठी घेऊन वर आला. रंगनाथनं काठी हिसकली, गुडघ्यावर मोडली, वॉचमनला जिन्यावरून दोन पायऱ्या खाली ढकललं, आणि तरी ओरडतोय, "बाई, नखं बघा त्याची! नखं बघा!" नखांना स्केचपेनचा रंग होता. ती सोसायटी कायमची तुटली.

त्यानंतरच्या चैत्रात म्हसोबाची यात्रा आली. यात्रेत कुस्त्यांची दंगल होते. तिथली एक रीत आहे. कुणाला आपल्या गेलेल्या माणसाच्या नावानं कुस्ती लावायची असेल, तर तो इनाम ठेवतो आणि लाऊडस्पीकरवरून पुकारा होतो, अमक्याच्या स्मरणार्थ ही कुस्ती. हजार माणसं ते नाव ऐकतात. गावठाणात माणूस मेल्यावर नीट गेला असं तेव्हा धरतात. रंगनाथ कमिटीपुढं जाऊन उभा राहिला.

"पोरीच्या नावानं एक कुस्ती लावायचीय."

रावजी पान चघळत म्हणाला, "रंगनाथ, हे म्हाताऱ्या-कोताऱ्यांचं असतं. पोरीबाळीच्या नावानं आखाड्यात पुकारा नाय होत. रीत नाय तशी."

"इनाम तू म्हणशील तेवढा ठेवतो, रावजीभाऊ."

"इनामाचं नाय रे. जरा इचार कर. पोर ह्याच मातीत गेली. तूच आणली होती. आन आता हितंच तिचं नाव घ्यायचं?"

रावजी खोटं बोलला नव्हता, हाच घोटाळा झाला. रंगनाथची मूठ त्याच्या तोंडावर बसली तेव्हा पानाचा रंग कुठला आणि रक्त कुठलं, ते कुणाला कळेना. रावजी खुर्चीसकट उलटा पडला. रंगनाथ त्याच्या छातीवर बसला. चार जणांनी ओढलं तरी हलेना, शेवटी कुणीतरी मानेवर लाकडी फळी हाणली. कमिटीनं ठरवलं, ह्याची वर्गणी घ्यायची नाही, ह्याचं नाव यात्रेत निघता कामा नये.

झालं. आणि महिनाभरात पुन्हा त्या हिरोच्या कार्यक्रमाची जाहिरात टीव्हीवर लागली. पण आता जाहिरातीत म्हणत होते, देणाऱ्यांची नावं कार्यक्रमात येतील. रंगनाथच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. रावजीचा लाऊडस्पीकर तो केवढा, आणि ह्या हिरोचा केवढा! त्यानं मोठ्या मायेनं वाढवलेली म्हशीची वगार विकली. मोहिनीच्या हातात फोन दिला. "तूच बोल. तूच नाव सांग." पलीकडच्या मुलीनं नाव लिहून घेतलं आणि सांगितलं, नाव नक्की दिसेल, मॅडम.

दिसेल म्हणाली ती. रंगनाथनं ऐकलं पुकारतील असंच. आयुष्य दंगलीत गेलेलं. पैसे दिल्यावर नाव पुकारतात, ह्यापलीकडं दुसरं काही असतं हे त्याच्या गावीही नव्हतं. त्यानं टीव्ही उचलून ओट्यावर आणून ठेवला, अंगणात ताडपत्री अंथरली, सगळ्या गल्लीला आवतण दिलं. पांढरा सदरा घालून, डोक्याला फेटा बांधून पुढं बसला. शेजारी त्याचा जोडीदार काळू. लहानपणापासून एकाच मातीत लोळलेले दोघं, एकमेकांच्या अंगावर वाढलेले म्हणा ना.

हिरो नाचला, रडला. मग नावं घ्यायला लागला. कुठली बँक, कुठला बिल्डर, कुठली सिमेंट कंपनी. एकेक चेक दाराच्या फळीएवढा. प्रत्येक नावाला रंगनाथ पुढं सरकायचा, आणि पुन्हा मागं बसायचा. पडद्याच्या अगदी खाली एक बारीक पट्टी पळत होती, इंग्रजीत, नावंच नावं. गल्लीतली पोरं वाचायला गेली, एक अक्षर लागेपर्यंत पुढची वीस नावं निघून जायची. त्यात सायली होती का नव्हती, देव जाणे. हिरोनं हवेत मुके उडवले आणि कार्यक्रम संपला. साबणाची जाहिरात लागली.

रंगनाथ तसाच बसून. काळूला वाटलं, काहीतरी बोलून मोकळं करावं ह्याला. त्यानं रंगनाथचीच जुनी थट्टा काढली. "जाऊ दे रे रंग्या. तुझ्या वगारीचं ग्लिसरीन घेतलं असंल त्यानं!"

दोघं-तिघं हसले. हसण्यासारखंच होतं. पण रंगनाथचा हात कधी फिरला ते काळूला दिसलंच नाही. पुढचे दोन दात ताडपत्रीवर पडले. काळू तोंड धरून वाकला, तर रंगनाथनं त्याला कमरेत उचलून ओट्याच्या दगडावर टाकला. बाया ओरडत पळाल्या. मग त्यानं टीव्ही डोक्यावर घेतला आणि अंगणातल्या धुण्याच्या दगडावर असा आपटला की काचा समोरच्या दारापर्यंत उडाल्या. एवढ्यावर भागेना, म्हणून फुटक्या डब्यावर लाथा घालत राहिला. पाय रक्तबंबाळ झाला.

माणसं पांगल्यावर मोहिनी खराटा घेऊन काचा लोटायला लागली. लोटता लोटता बोलली. "नाव, नाव, नाव! रावजीनं पुकारावं, हिरोनं पुकारावं, सगळ्या जगानं पुकारावं. दीड वर्ष होत आलं, ह्या घरात तुमच्या तोंडून एकदा तरी आलं का तिचं नाव? मला बोलायचं असतं तिच्याबद्दल. मी कुणाशी बोलू? म्हशींशी?"

रंगनाथचा हात वर गेला. मोहिनी हलली नाही. तिनं खराटा खाली टाकला आणि तोंड पुढं केलं.

"मारा. डॉक्टरला मारलं, रावजीला मारलं, काळूभावजींना मारलं. मीच राहिलेय. मारा, म्हणजे यादी संपली."

हात तसाच वर राहिला. मग त्यानं तो गोठ्याच्या लाकडी खांबावर हाणला. एकदा, दोनदा, बोटं सुजेपर्यंत. मोहिनीनं खराटा उचलला आणि उरलेल्या काचा भरल्या.

काळूनं पोलिसांत तक्रार केली नाही. जिन्यावरून पडलो म्हणून सांगितलं. त्याच्या घराला जिनाच नाही. रंगनाथ त्याच्या दारात रोज दुधाचा तांब्या ठेवून यायचा, न बोलता. काळू दूध प्यायचा, न बोलता. असं पुढचं वर्ष निघालं.

पुन्हा चैत्र. म्हसोबाची यात्रा, भर दुपारचं ऊन, हलगी कडाडतेय, हौद्याभोवती माणूस नुसता खेटून बसलेला. शेवटच्या कुस्तीला रावजीचा पुतण्या धनराज उतरला. विशीतला गडी, अंग तेलानं चमकणारं, हात वर करून हौद्यात फिरतोय, आहे का कुणी जोड? कुणी उठेना. माईकवर सावळीराम मास्तर होते, रिटायर्ड झालेले, कित्येक वर्षं दंगलीत त्यांचाच आवाज. ते ओरडत होते, "धनराज पहिलवानाला जोड पाहिजे! आहे का कुणी माईचा लाल?"

गर्दीतून रंगनाथ निघाला. सदरा काढून फेकला. पोट सुटलेलं, छातीवरचे केस पांढरे झालेले, पण आत लंगोट कसलेला. घरूनच बांधून आला होता.

"नाना, घरी जा," धनराज हसत म्हणाला. "हाडं मोडतील."

रंगनाथनं त्याच्या कानाखाली अशी वाजवली की हलगीवाला थांबला. धनराजचं हसू गेलं. त्यानं माती उचलली आणि अंगाला चोळली. जोड लागली.

आता जोड लागली की पुकारा करावाच लागतो. आणि त्याची पण रीत आहे. पहिलवान स्वतःचं जे नाव सांगेल, तेच पुकारायचं. कुणी सांगतो अमक्या वस्तादाचा पठ्ठा, कुणी तमक्याचा नातू. ज्याचं नाव मोठं करायचं, त्याचं नाव आपल्या नावाला लावून पहिलवान मातीत उतरतो. सावळीराम मास्तरांनी माईक पुढं धरला. "नाव?"

रंगनाथचं तोंड उघडलं आणि आवाज फुटेना. मानेच्या शिरा तट्ट फुगल्या. एवढ्या लोकांसमोर एवढा मोठा माणूस नुसता आ वासून उभा. लोक खिदळायला लागले. मास्तरांनी पुन्हा विचारलं, "अहो, नाव सांगा!"

"सायली," रंगनाथ म्हणाला. आवाज घोगरा, कसातरी. मग त्यानं मास्तरांचं मनगट पकडलं आणि माईक तोंडाशी ओढला. "सायलीचा बाप. पुकारा. सायलीचा बाप!"

कर्ण्यांतून ते पार हमरस्त्यापर्यंत गेलं. रावजी खुर्चीतून उठला. "हे नाव चालणार नाय! मास्तर, दुसरं घ्या!" तो माईक हिसकायला धावला. पण मधे काळू होता. काळूनं रावजीचा हात पाठीमागं पिरगाळला, त्याला खाली बसवला, आणि दोन दात नसलेल्या तोंडानं बोंबलला, "पहिलवानानं सांगितलंय! रीत हाय! पुकारा, मास्तर!" लोकही ओरडायला लागले. त्यांना कुस्ती हवी होती. मास्तरांनी घाम पुसला आणि खणखणीत आवाजात पुकारा केला.

"धनराज पहिलवान विरुद्ध सायलीचा बाप!"

धनराजनं दयामाया दाखवली नाही. सलामी झाली तसा पट काढला आणि रंगनाथला तोंडावर पाडला. पाठीवर बसून मानेवर घिस्से घातले, कोपराचं हाड नाकावर घासत नेलं. नाक फुटलं. पण रंगनाथ पोटावर पडून मातीला असा चिकटला की चीत होईना. उठला. "सायलीचा बाप उठला!" मास्तर ओरडले. धनराजनं त्याला उचलून आदळला. बरगडीचा आवाज पुढच्या रांगेला ऐकू आला. पुन्हा पालथा, पुन्हा मातीला मिठी, पुन्हा उठला. "सायलीचा बाप पुन्हा उभा!" आता गर्दीही मास्तरांबरोबर ओरडायला लागली. बाया दंगलीत येत नाहीत, त्या देवळाच्या भिंतीवर चढून उभ्या होत्या. त्यांत मोहिनी होती. ती ओरडत नव्हती. दोन्ही हातांनी तोंड दाबून ऐकत होती.

एकदा, एकदाच, रंगनाथच्या हाताला धनराजची मान सापडली. जुना डाव अंगात जागा झाला. त्यानं ढाक लावली, धनराजचे पाय जमिनीवरून सुटले, सगळी गर्दी उभी राहिली. आणि रंगनाथचा खांदा खळ्ळकन निखळला. त्याच्या तोंडून आवाज निघाला तो माणसाचा वाटेना. धनराजनं तो लोंबता हात तसाच धरला, ओढला, फिरवला आणि त्याला पाठीवर टाकला. वर बसला. चितपट.

"सायलीचा बाप चीत!" मास्तर म्हणाले, आणि त्यांचा आवाज चिरकला.

रंगनाथ आभाळाकडं तोंड करून पडला होता. तोंडात लाल माती गेली होती. ती त्यानं थुंकली नाही. तो रडत होता. मोठ्यानं, लाज सोडून, आणि त्याचं नाक भळाभळा गळत होतं. काळू त्याच्या बाजूला येऊन बसला आणि स्वतःच्या सदऱ्यानं त्याचं तोंड पुसायला लागला. "रंग्या, शेंबड्या," एवढंच म्हणाला.

मे आला. रंगनाथचा हात गळ्यात बांधलेला. घरात नवा टीव्ही घेतलेला नव्हता, म्हणून त्या रविवारी दोघं नवरा-बायको काळूच्या घरी गेले. काळूनं नवे दात बसवले होते. "हे बघ," तो म्हणाला, "दातांना हात लावलास तर चालंल, टीव्हीला नको."

हिरो आला. नाचला. लेकरू मांडीवर घेतलं. डोळ्यांत पाणी.

"ग्लिसरीन," रंगनाथ म्हणाला.

"सायलीला आवडायचा हा," मोहिनी म्हणाली.

"सायलीला अक्कल नव्हती," रंगनाथ म्हणाला. मग त्यानं हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. हिरो नखांचं सांगत होता. निळी नखं, धाप, उकिडवं बसणं. झरझर सांगितलं आणि मागून गाण्याचा ठेका सुरू झाला.

"मोहिने, फोन लाव."

तिनं नंबर लावला आणि बोलायला तोंड उघडलं, तर त्यानं चांगल्या हातानं फोन काढून घेतला. पलीकडं एक मुलगी होती, गोड आवाजाची. तिनं सगळं विचारलं आणि शेवटी म्हणाली, "सर, पडद्यावर कोणाचं नाव द्यायचं?"

मोहिनी त्याच्याकडं बघत होती.

"नाव नको," रंगनाथ म्हणाला. "नावाचं झालंय आमचं. पण ताई, त्या हिरोला एक निरोप दे माझा."

"बोला ना, सर."

"नखांचं आन उकिडवं बसायचं त्यानं एकदाच सांगितलं. घाईत सांगितलं. म्हणावं, गाणं जरा थांबव आन ते परत सांग. दोनदा सांग. कुणीतरी बाप चहा पीत बसला असंल, त्याचं लक्ष नसंल."

मुलीनं निरोप लिहून घेतला. मग म्हणाली, "सांगते, सर."

पडद्यावर गाणं चालूच होतं. रंगनाथ फोन मांडीवर ठेवून ते संपायची वाट बघत बसला.